मलिक अंबरच्या नावातले अंबर

अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, निजामशाही समजून घेऊ पाहणारा माणूस आज ना उद्या मलिक अंबरपाशी येऊन पोहोचतो. भुईकोट किल्ला, फराहबाग, भातवडीचे रण पाहायला बाहेरगावची मंडळी येतात. त्यांच्याबरोबर मी अधूनमधून फिरतो. तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : 'अंबर' हे कसले नाव? मी काही बोलण्याआधी मंडळींतलाच कुणीतरी उत्तर देऊन टाकतो. कुणी म्हणतो, अंबर म्हणजे आकाश. कुणी म्हणतो, मधाच्या रंगाचा तो खडा, ज्यात कधी कधी किडा अडकलेला दिसतो. अत्तराची थोडी जाण असलेला एखादा म्हणतो, अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य.

तिसरे उत्तर बरोबर आहे. पहिले उत्तर केवळ उच्चाराच्या साम्यातून येते. संस्कृत 'अंबर' आणि अरबी 'अन्बर' या शब्दांची मुळे वेगळी आहेत. दुसरे उत्तर चुकीचे असले तरी निराधार नाही, कारण खडा आणि सुगंध यांची गल्लत युरोपच्या भाषांनी केली आणि तिथून ती इंग्रजीमार्फत आपल्याकडे आली. या गल्लतीची उकल केली की हाती केवळ एक शब्दार्थ लागत नाही. सोळाव्या शतकात एका माणसाला हे नाव का दिले गेले आणि पुढे त्याने त्या नावाचे काय केले, हेही कळते. म्हणून आधी खडा, मग सुगंध आणि शेवटी माणूस, असा क्रम धरतो.

झाडाचे अंबर

ज्याला आज आपण इंग्रजीच्या वळणाने 'अंबर' म्हणतो तो खरे तर दगड नाही. ती झाडाची राळ आहे. साल फुटली, फांदी मोडली, किड्याने खोड पोखरले की काही झाडे चिकट राळ सोडतात आणि जखम बुजवतात. त्या राळेत मुंगी, चिलट, पान, पीस अडकते. पुढे ती राळ गाळाखाली, हवेपासून दूर दबली गेली तर तिच्यातली उडून जाणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांना सांधले जातात आणि कोट्यवधी वर्षांत तिचा टणक, हलका, पारदर्शक खडा बनतो. हे काम अर्धवट झालेली, वयाने लहान राळ म्हणजे कोपल. बाजारात पुष्कळदा कोपलच अंबर म्हणून खपवले जाते.

जगात सर्वांत प्रसिद्ध आहे ते युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राकाठचे अंबर. तिथे वादळानंतर लाटांबरोबर खडे किनाऱ्यावर येतात आणि लोक ते वेचतात. ब्रह्मदेशातल्या हुकाँग खोऱ्यातले अंबर त्याहून जुने, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे आहे.

नगरच्या काळ्या कातळात अंबर शोधण्यात अर्थ नाही. आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, आणि तापलेल्या लाव्ह्यात राळ टिकत नाही. पण आपल्याला जवळ म्हणता येईल असे एक ठिकाण आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत, दख्खनच्या लाव्ह्यानंतर साचलेल्या थरांत, ५ कोटी वर्षांहून थोडे जुने अंबर मिळाले. त्यावरचा संशोधनलेख २०१० साली प्रसिद्ध झाला. सुमारे दीडशे किलो अंबरातून सातशेहून अधिक कीटक आणि त्यांचे नातलग ओळखले गेले. त्यांतल्या अनेकांचे नाते युरोप-आशियातल्या कीटकांशी जुळले. त्यामुळे आशियाला येऊन भिडण्याआधी भारतीय भूखंड जगापासून अगदी तुटलेला होता, या समजुतीला धक्का बसला. आणखी एक गोष्ट मला त्या लेखात फार मोलाची वाटते. ती राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची होती. आपल्याकडे धुपात आणि मलमात घालतात ती राळही सालवृक्षाचीच. म्हणजे वस्तानचे अंबर हे आपल्या देव्हाऱ्यातल्या राळेचे फार जुने भावंड म्हणायचे.

या खड्याला आपल्याकडे स्वतःची नावे होती. फारसीत तो 'कहरुबा'. 'काह' म्हणजे गवताची काडी, आणि 'रुबा' म्हणजे हिरावून नेणारा. लोकरीवर घासला की तो काडीकचरा ओढून घेतो, म्हणून हे नाव. संस्कृतातल्या 'तृणमणी' या शब्दामागेही हीच कल्पना आहे. ग्रीकांनी त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हटले आणि त्या शब्दापासून युरोपात विजेचे नाव तयार झाले. आजच्या अरबीत वीज म्हणजे 'कहरबा'. युनानी हकिमांच्या औषधांत हा खडा अजून कहरुबा याच नावाने येतो. थोडक्यात, मलिक अंबरच्या काळात दख्खनमधल्या जाणकाराने या खड्याला अंबर म्हटले नसते, कहरुबा म्हटले असते.

काही घरांत कहरुब्याची तस्बीह किंवा माळ वडीलधाऱ्यांकडून आलेली असते. ती खरी आहे का आणि जपायची कशी, असे लोक विचारतात, म्हणून थोडे सांगतो. खरा कहरुबा हाताला कोमट आणि वजनाला हलका लागतो. सुटा मणी साध्या पाण्यात बुडतो, आणि भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात तरंगतो. काच आणि बहुतेक जुने बेकलाइट दोन्हींत बुडते. घासल्यावर कागदाचा कपटा उचलला एवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण प्लॅस्टिकही तो उचलते. तापलेली सुई टोचून पाहण्याची पद्धत मणी कायमचा खराब करते. कोपलवर स्पिरिटचा थेंब टाकला की ते चिकट होते, पण ही परीक्षा मौल्यवान माळेवर घरी करू नये.

कहरुबा नखाइतकाच मऊ, म्हणून धातूच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवला की ओरखडे पडतात. मऊ कापडात वेगळा ठेवावा. ऊन आणि उष्णता यांनी तो काळवंडतो, त्यावर बारीक तडे जातात. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा. सोनाराकडच्या कंपनाच्या यंत्रात तो धुवायला देऊ नये. माळ ओवताना दोन मण्यांमध्ये गाठ मारली की मणी एकमेकांवर घासत नाहीत. स्पिरिट असलेले सुगंधी फवारे आधी मारावेत, माळ नंतर घालावी. नाहीतर सुगंधाच्या नादात खड्याची चकाकी जाते.

देवमाशाचे अंबर

अरबी 'अन्बर' म्हणजे समुद्रातून येणारे सुगंधी द्रव्य. त्याचा उगम स्पर्म व्हेल या प्रचंड देवमाशाच्या आतड्यात. हा मासा मुख्यतः माकूल खातो. माकुलांच्या कठीण चोची पचत नाहीत. त्यांच्याभोवती काही थोड्या माशांच्या आतड्यांत मेणासारखा पदार्थ साचत जातो आणि तो शरीराबाहेर पडला की समुद्रावर तरंगतो. ताजा असताना तो काळा आणि दुर्गंधीयुक्त असतो. ऊन, वारा आणि खारे पाणी यांत महिनोन् महिने, वर्षानुवर्षे राहिल्यावर तो राखाडी होतो आणि त्याला तो विलक्षण, दीर्घकाळ टिकणारा सुवास येतो. वर्तमानपत्रांत 'व्हेल माशाची उलटी' असा मथळा असतो, तो याच पदार्थाबद्दल. कोकण किनाऱ्यावर त्याच्या तस्करीची प्रकरणे अधूनमधून उघडकीला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा देवमासा संरक्षित आहे आणि त्याच्या अंबरचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.

हे द्रव्य येते कुठून, हे शतकानुशतके कोडे होते. आफ्रिकेचा पूर्व किनारा, सोकोत्रा, मालदीव अशा ठिकाणी ते वाहून येई. वेचणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक होते, मूळ ठाऊक नव्हते. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याबद्दलची मते एकामागून एक मांडली आहेत : कुणी म्हणे ते समुद्राच्या तळाशी उगवते, कुणी म्हणे ती जलचराची विष्ठा, कुणी म्हणे बेटांवरच्या डोंगरांतून पाझरते. तो स्वतः ते मेण असावे या मताचा होता. आपल्या रसशास्त्रात 'अग्निजार' नावाचे द्रव्य सांगितले आहे. अग्निनक्र नावाच्या जलचराचा जरायू लाटांबरोबर काठाला येतो आणि उन्हात वाळतो, असे त्याचे वर्णन. अग्निजार म्हणजे हेच अंबर, असे पुष्कळ वैद्य मानतात. तसे असेल तर प्राण्याच्या पोटाकडे बोट दाखवणारे हे वर्णन सत्याच्या बरेच जवळ होते.

या कोड्याचा एक धागा थेट नगरला येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि पहिल्या बुर्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची उठबस होती. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातला अगदी सुरुवातीचा एक संवाद अंबरवर आहे. निजामशहाचा उल्लेख त्या ग्रंथात वारंवार येतो. म्हणजे ज्या दरबारात पुढे अंबर नावाचा माणूस वजीर होणार होता, त्याच दरबाराशी संबंध असलेला एक वैद्य त्याच्या आधी काही वर्षे अंबर या द्रव्याचे मूळ शोधत होता. देवमाशाच्या आतड्यातून हा पदार्थ येतो आणि त्यात माकुलाच्या चोची असतात, हे १७८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले.

आता गल्लत कशी झाली ते पाहू. युरोपीय व्यापाऱ्यांनी अरबांकडून 'अन्बर' हा शब्द घेतला. त्यांच्याकडे बाल्टिकच्या काठी वाहून येणारे पिवळे खडे होते. हे खडे आणि ते द्रव्य, दोन्ही समुद्र किनाऱ्यावर आणून टाकतो, दोन्ही हलके, दोन्ही महाग, आणि दोन्ही तापवले की वास येतो. मग फ्रेंचांनी एकाला 'करडे अंबर' आणि दुसऱ्याला 'पिवळे अंबर' म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत नुसते 'अंबर' हे नाव पुढे खड्याला चिकटले आणि मूळ मालकाला मागे 'करडे' हे शेपूट लावून घ्यावे लागले. आपण इंग्रजी शाळेतून शब्द शिकलो, म्हणून मलिक अंबर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पिवळा खडा येतो.

दुकानातली नावे

पण माणसाला सुगंधी द्रव्याचे नाव का? मराठी वाचकाला याचे उत्तर आधीच अर्धे माहीत आहे. शिवकाळातल्या हबशी सरदारांची नावे आठवून पाहा. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर : जौहर म्हणजे रत्न. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत : याकूत म्हणजे माणिक. सिद्दी संबूल : संबूल म्हणजे जटामांसीसारखे सुगंधी द्रव्य. जंजिऱ्यालाही एक सिद्दी अंबर होऊन गेला. विजापूरच्या इब्राहिम रोझ्याशी मलिक संदलचे नाव जोडलेले आहे. संदल म्हणजे चंदन. आदिलशाहीतला रैहान म्हणजे सब्जा, मरजान म्हणजे पोवळे. ही नावे एका ओळीत मांडली की गंध्याचे आणि जव्हेऱ्याचे दुकान एकत्र उघडल्यासारखे वाटते.

हा योगायोग नाही. अरबी-फारसी जगात गुलामाला विकत घेतल्यावर मालक त्याला नवे नाव देई आणि ते पुष्कळदा मौल्यवान वस्तूचे असे. दहाव्या शतकात इजिप्तवर सत्ता गाजवणारा काफूर मूळचा गुलाम. काफूर म्हणजे कापूर. अलाउद्दीन खिलजीचा मलिक काफूर १२९९ च्या गुजरात स्वारीत खंबायतहून धरून नेलेला. तो हबशी नव्हता, भारतीय होता. म्हणजे हे नाव रंगावरून किंवा देशावरून नव्हते, ते गुलामीच्या व्यवहारातले होते. बाजारात माल आणि माणूस शेजारी शेजारी होते, आणि मालाचे नाव माणसाला लागत होते. पुढच्या पिढ्यांत ही नावे स्वतंत्र घराण्यांतही रूढ झाली, पण त्यांचा उगम तिथे आहे.

नाव ठेवणाऱ्याच्या मनात कौतुकही असेल. अंबर, माणिक, चंदन ही काही हिणवणारी नावे नव्हेत. तरी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. आपण लेकीचे नाव 'कस्तुरी' ठेवतो तेव्हा तिचे दुसरे नाव पुसत नाही. गुलामाचे पुसले जाई.

चापू

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. त्याला मोखा बंदरात ८० गिल्डरांना विकले, असे डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने नोंदवले आहे. हा व्यापारी १६१७ साली दख्खनमध्ये त्याला भेटला होता. मोखानंतर चापू मक्केच्या काझी हुसेनकडे गेला. पुढे बगदादच्या मीर कासीमने त्याला विकत घेतले, त्याची हुशारी पाहून शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि 'अंबर' हे नाव ठेवले. मीर कासीमने त्याला दख्खनमध्ये आणून निजामशाहीचा वजीर चंगीझखान याला विकले. चंगीझखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम. त्याच्याकडे असे सुमारे हजार हबशी होते.

या प्रवासात आपल्याला अवघडवणारी एक गोष्ट आहे. इथिओपियातली माणसे दख्खनमध्ये येत होती त्या व्यापारात उलट दिशेने जाणारा एक मोठा माल होता हिंदुस्थानी सुती कापड, आणि त्यात दख्खनच्या मागांवरचे कापडही होते. तिकडे त्याच्या बदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे मिळत. आपल्या विणकरांचे धोतरजोडे आणि चापूसारख्या मुलांची किंमत एकाच हिशेबाच्या वहीत होती. गुलामांचा व्यापार अरबांनी केला, पोर्तुगिजांनी केला, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

चंगीझखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. तो विजापूर-गोवळकोंड्याकडे चाकरी करून पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० साली चांदबिबीचा खून झाला आणि नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. तेव्हा अंबरने परांड्याला मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राज्य पुढे चालवले. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० साली त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला गेली. १६२४ साली नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता की त्याने अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे आपले चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. १६२६ साली मलिक अंबर वृद्धापकाळाने वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

मलिकंबरी

सत्ता हाती आल्यावर अंबरला दुसरे नाव घेता आले असते. काही हबशी सरदारांनी भारदस्त किताब घेतले आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. त्याने 'मलिक' हा किताब लावला, पण 'अंबर' सोडले नाही. हे नाव पुढे कुठे गेले, हे पाहिले की मालाच्या नावाचे काय होऊ शकते ते दिसते.

त्याने औरंगाबादेत पाणी आणले, ती 'नहर-ए-अंबरी'. जमिनीखालच्या नळांमधून डोंगरातले पाणी शहरात खेळवणाऱ्या या योजनेने पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवली. त्याहून मोठे काम जमिनीचे. महसुलाचा इजारा, म्हणजे लिलावाने वसुलीचा हक्क देण्याची पद्धत, त्याने मोडली. जमिनीची पाहणी करून, तिचा कस पाहून सारा ठरवला आणि वसुलीत गावच्या पाटील-कुळकर्ण्यांना जबाबदार धरले. या व्यवस्थेला मराठीत 'मलिकंबरी' म्हणू लागले. 'मलिक' आणि 'अंबर' हे दोन शब्द जोडून मराठी माणसाने एक शब्द केला, त्याला आपला 'ई' लावला आणि धाऱ्याचे विशेषण बनवले. निजामशाही बुडाली, खडकीचे नाव बदलले, तरी मलिकंबरी धाऱ्याची आठवण दफ्तरांत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात राहिली.

म्हणून कुणी विचारले की मलिक अंबरमधले अंबर कोणते, तर मी देवमाशाचे सांगतो. हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेले नव्हते, विकत घेणाऱ्याने ठेवलेले होते, हेही सांगतो. माहितीफलकावर, पाठ्यपुस्तकात, सहलीच्या पुस्तिकेत त्याच्या नावाशेजारी 'चापू' हे चार मात्रांचे नाव छापायला फार जागा लागणार नाही. मोखाच्या बाजारात त्याची किंमत ८० गिल्डर ठरली होती. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी नगर-जुन्नर-पैठणच्या गावांत जमिनीची किंमत त्याच्या नावाने ठरू लागली.